ग्रासाच्छादन नको, वाटा हवा : सातारा-सांगलीच्या अंध प्रौढांना प्रशिक्षित तज्ज्ञ कोण देणार?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटणीचे नियम आहेत. त्यातला २०१ वा श्लोक वडिलोपार्जित मिळकतीत कोणाला वाटा देऊ नये ते सांगतो. पतित, नपुंसक, जन्मांध, जन्मबधिर, वेडा, मतिमंद, मुका अशी ती यादी आहे. जातीबाहेर टाकलेला माणूस आणि आंधळा माणूस एकाच ओळीत बसवलेले आहेत, हे लक्षात घ्या. पुढचाच २०२ वा श्लोक मात्र एकदम दयाळू होतो. या लोकांना वाटा नाही, पण जन्मभर ग्रासाच्छादन द्यावे, असे तो म्हणतो. ग्रास म्हणजे घास, आच्छादन म्हणजे कपडा. खायला घाला, अंगावर घाला, पण हिस्सा मागू देऊ नका.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात हा ग्रंथ जाळला गेला. १९२८ च्या कायद्याने अपंगत्वावरून वारसा नाकारण्याची रूढी बरीचशी मोडली. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाच्या कलम २८ ने स्पष्टच लिहिले की आजार, दोष किंवा व्यंग या कारणाने कोणालाही वारसा नाकारता येणार नाही. हा अधिनियम ज्या हिंदू कोड बिलातून निघाला, त्याची कोंडी हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. अंध माणसाच्या हक्काशी आपल्या चळवळीचे नाते इतके जुने आहे. आपणच ते विसरलो.

कागदावरचा वाटा मिळाला. जगण्यातला वाटा मिळाला का? ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम होतो. स्टेजवर पुढारी, समोर रांगेत अंध माणसे, हातात पांढरी काठी, ब्लँकेट आणि फोटो. महिन्याला संजय गांधी निराधारचे पैसे. हे ग्रासाच्छादनच आहे, फक्त सरकारी शिक्क्याचे. काठी वाटली जाते. ती काठी घेऊन पाटाच्या कडेने, विहिरीच्या अंगाने, एसटी स्टँडच्या गर्दीतून कसे चालायचे हे शिकवणारा माणूस मात्र कोणी वाटत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत असा शिकवणारा माणूस घडवण्याची व्यवस्था हवी, आणि ती मागणी आंबेडकरी तरुणांनी उचलली पाहिजे.

कोणाबद्दल बोलतो आहोत?

अंध म्हटले की आपल्यासमोर ब्रेल वाचणारा, गाणे म्हणणारा किंवा स्पर्धा परीक्षा देणारा तरुण येतो. त्याची लढाई कठीण आहेच. पण त्याच्याही मागे घराच्या आतल्या खोलीत एक माणूस बसलेला असतो. तो अंध आहे आणि शिवाय त्याला ऐकू येत नाही. किंवा अंध आहे आणि मेंदूच्या पक्षाघातामुळे हातपाय आखडलेले आहेत. किंवा अंध आहे, बौद्धिक अक्षमता आहे आणि फिट्सही येतात. वय पंचवीस, पस्तीस, पन्नास. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने बेंचमार्क दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो १८ वर्षांपर्यंत. वय उलटले की शाळा संपते आणि माणूस घरात जातो. त्यानंतर त्याची खबर फक्त आईला.

आता तज्ज्ञ का लागतो ते पाहू. जन्मापासून बहिरा असलेला एखादा मुलगा मूकबधिर शाळेत खुणांची भाषा शिकतो. बारा-पंधरा वर्षांचा झाला की त्याला संध्याकाळनंतर दिसेनासे होते, मग बाजूचे दिसत नाही, नळीतून पाहिल्यासारखे होते. याला अशर सिंड्रोम म्हणतात. हा आनुवंशिक आजार आहे. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि नात्यातल्या लग्नांमुळे अशा आजारांची शक्यता वाढते. या मुलाचे डोळे गेले की त्याची भाषाच जाते, कारण ती भाषा डोळ्यांनी वाचायची होती. आता त्याच खुणा त्याच्या हातात हात देऊन करायच्या असतात. ती पद्धत माहीत असलेला माणूस वेळेवर भेटला तर तो बोलता राहतो. नाही भेटला तर तो चिडतो, डोके आपटतो, आणि घरचे म्हणतात याला वेड लागले. मग देवऋषी, मग गोळ्या, मग दाराला कडी.

दुसरे उदाहरण मधुमेहाचे. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो आणि माणूस चाळिशी-पन्नाशीत आंधळा होतो. त्याला ब्रेल शिकवू म्हटले तर त्याच मधुमेहाने बोटांची संवेदना गेलेली असते. ठिपके बोटाला लागत नाहीत. पायालाही जमीन नीट कळत नाही, म्हणून काठीचे नेहमीचे शिक्षणही पुरत नाही. ज्याने फक्त शाळकरी मुलांना ब्रेल शिकवले आहे त्याच्यापुढे हा माणूस आला तर तो शिक्षक कितीही प्रामाणिक असला तरी अडतो. दोष त्याचा नाही. त्याला हे कोणी शिकवलेलेच नाही.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पाय साथ देत नव्हते, नजर मंदावत चालली होती. तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून झाला. इच्छाशक्ती तर होतीच, पण सोबत स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब होत्या आणि हस्तलिखित टंकित करायला नानकचंद रत्तू होते. जाणकार माणसांची साथ असली की मंदावलेल्या नजरेचा माणूससुद्धा जगाला ग्रंथ देऊन जातो. मग माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या अंध माणसाला अशी साथ का मिळू नये?

ऑपरेशनचे हात आहेत, शिकवणारे हात कुठे?

सातारा आणि सांगली हे काही मागास, आडवळणी जिल्हे नाहीत. २०११ च्या जनगणनेत दोन्हींची मिळून लोकसंख्या ५८ लाखांवर होती. मिरज तर दवाखान्यांचे गाव. १८९४ पासूनचे वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लायन्स नॅब नेत्र रुग्णालय, सगळे तिथे आहे. कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यात नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. मोतीबिंदू काढणारे हात इथे भरपूर आहेत. पण डॉक्टरने एकदा सांगितले की 'आता दृष्टी येणार नाही', की त्या वाक्यानंतर त्या माणसाने जगायचे कसे, ही जबाबदारी कोणत्या खात्याची?

देशात हे ज्ञान नाही असे नाही. मुंबईत १९७७ पासून हेलन केलर इन्स्टिट्यूट बहिऱ्या-अंध मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी काम करते आहे. देहरादूनला दृष्टिबाधितांची राष्ट्रीय संस्था आहे. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था २००५ मध्ये उभी राहिली. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने विशेष शिक्षकाला नोंदणी सक्तीची केली. अंध माणसाला दिशा ओळखून चालायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाचीही परिषदेच्या यादीत वेगळी वर्गवारी आहे. म्हणजे ज्ञान आहे, कायदा आहे, पदाचे नावही आहे. ते ज्ञान कृष्णाकाठी उतरलेले नाही, एवढाच प्रश्न आहे.

'मग पुण्या-मुंबईला जाऊन शिका की' असे कोणी म्हणेल. जतच्या वस्तीतली मुलगी एक वर्ष देहरादूनला हिंदी-इंग्रजीत शिकायला जाईल, असे ज्यांना वाटते त्यांनी तिच्या घरचे उत्पन्न विचारावे. शिवाय शहरातल्या फूटपाथवर शिकलेले काठीचे तंत्र उसाच्या सरीत आणि गोठ्यात जसेच्या तसे चालत नाही. इथल्या अंध बाईला चूल, विहीर, शेरडे, बांध आणि वडापची जीप यांतून वाट काढायची आहे. शिक्षण तिच्या भाषेत आणि तिच्या वाटेवरच द्यावे लागेल.

कायदा काय म्हणतो?

२०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातली दोन कलमे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावीत.

कलम ३८ जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी आहे. बेंचमार्क दिव्यांगत्व असलेली व्यक्ती असा आधार मागण्यासाठी सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. आणि तिच्या वतीने दुसरी कोणतीही व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. म्हणजे तुमच्या गावातले मंडळ करू शकते, बुद्धविहाराची समिती करू शकते.

कलम ४७ माणसे घडवण्याबद्दल आहे. डॉक्टर, नर्स, शिक्षक, समाजकल्याण अधिकारी, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या शिक्षणात अपंगत्वाचा विषय असला पाहिजे, असे ते सांगते. सर्व विद्यापीठांनी अपंगत्वाच्या अभ्यासाला आणि संशोधनाला चालना द्यावी, त्यासाठी अभ्यासकेंद्रे उभारावीत, असेही ते सांगते. आणि दर पाच वर्षांनी सरकारने गरजेचा आढावा घेऊन योग्य माणसांच्या भरतीची आणि प्रशिक्षणाची योजना आखली पाहिजे, असे बंधन घालते. पहिली पाच वर्षे २०२२ मध्येच संपली. साताऱ्याला किती तज्ज्ञ लागतील, सांगलीला किती, याचा आकडा तुमच्या कानावर कधी आला का?

इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टखालचा नियम असा आहे की बहिऱ्या-अंध माणसाच्या गरजांची पाहणी त्या विषयाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करायची. टेबलावरच्या कोणत्याही कारकुनाने करायची नाही. आपल्याकडे युडीआयडी कार्डावर टक्के लिहिले की पाहणी संपली. टक्केवारी सांगते माणसात काय नाही. त्याला काय शिकवता येईल हे ती सांगत नाही.

'घरची माणसे करतातच की'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. घरची माणसे म्हणजे कोण? आई, बहीण, सून. ती रोजगाराला जाते तेव्हा अंध मुलाला खोलीत ठेवून जाते. तिला पाठदुखी आहे, तिचे वय होत चालले आहे, आणि रात्री तिला एकच प्रश्न पडतो : माझ्यामागे याचे काय? तिच्या मायेवर सरकारने आपली जबाबदारी ढकलली आहे आणि वर तिला 'त्यागमूर्ती' म्हणून शाल दिली आहे.

याला जोडून आणखी एक शब्द येतो, सेवा. अपंगांची सेवा, सेवाभावी संस्था, सेवाभावी मानधन. आपल्याला हा शब्द ओळखीचा आहे. ज्या व्यवस्थेने शूद्राला सेवा हा धर्म म्हणून दिला, तिने कामाचे दाम द्यायचे टाळण्यासाठीच तो दिला. अंध प्रौढाला बोलायला, चालायला, जेवायला, निर्णय घ्यायला शिकवणे हे कौशल्याचे काम आहे. त्याला अभ्यासक्रम हवा, नोंदणी हवी, पगार हवा, कायम पद हवे. कंत्राटी मानधनावर 'पुण्य' मिळवायला सांगणारी भाषा आपण स्वीकारायची नाही.

आणि 'गेल्या जन्मीचे पाप' म्हणणाऱ्यांना उत्तर बाबासाहेबांनी दिलेलेच आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत त्यांनी नाकारला, कारण तो मानला की गरिबाच्या आणि पीडिताच्या अवस्थेची जबाबदारी समाजावर आणि सरकारवर उरतच नाही. अंध माणसाच्या बाबतीत आपले किती बौद्ध घर अजून तोच सिद्धांत कुजबुजते, हेही तपासायला हवे. 'दिव्यांग' या शब्दाबद्दलही तेच. 'हरिजन' म्हणून आपल्याला देवाची माणसे केले होते आणि पाणवठा बंदच ठेवला होता. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी 'दिव्यांग' शब्दाला घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे. नाव दिव्य, वाट बंद.

'पण हा आपला मुद्दा आहे का?'

काही मित्र म्हणतील, ॲट्रॉसिटी आहे, शिष्यवृत्ती अडली आहे, आरक्षणावर घाला आहे, त्यात हे कुठे? २०११ ची जनगणना पाहा. देशाच्या एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते. अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होते. कुपोषण, घाणीचे काम, वेळेवर न मिळालेले उपचार, विटभट्टी आणि ऊसतोडीवरचे बाळंतपण हे सगळे शरीरावर उमटते. जात शरीरात उतरते ती अशी. म्हणून घरातल्या त्या बंद खोलीचा प्रश्न बाहेरून आलेला नाही, तो आपल्या वस्तीतलाच आहे.

दुसरी गोष्ट परंपरेची. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई आधी शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेऊन आल्या आणि मग शाळेत उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांना खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या होत्या, म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये राजकारणात येणाऱ्यांसाठीही प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. तिघांनी एकच गोष्ट ओळखली होती. नुसत्या तळमळीने काम होत नाही, तळमळीला तालीम लागते.

मागण्या नेमक्या काय?

एक. शिवाजी विद्यापीठाने कलम ४७ प्रमाणे अभ्यासकेंद्र उभारून, पुनर्वास परिषदेची मान्यता घेऊन, एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुरू करावा. विषय : गुंतागुंतीच्या गरजा असलेले अंध प्रौढ. आधीच काम करणारे विशेष शिक्षक, नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजकार्याचे पदवीधर यांना नोकरी सांभाळून करता येईल असा. सातारा आणि मिरज अशी दोन केंद्रे, शिकवणी मराठीत, आणि निम्मे प्रात्यक्षिक माणसांच्या घरी, शेतात, स्टँडवर.

दोन. अभ्यासक्रमात उरलेली दृष्टी आणि श्रवण तपासणे, हातात हात देऊन केलेल्या खुणा, वस्तूंच्या आधारे संवाद, चाकाच्या खुर्चीवरच्या अंध माणसाची हालचाल, फिट्स आणि वागणुकीमागचे दुखणे ओळखणे, अंध स्त्रियांची लैंगिक सुरक्षितता, आणि माणसाचा निर्णय त्याच्याच हाती ठेवणारा कायदा हे सगळे असावे.

तीन. शिकून झाल्यावर पदे हवीत. दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागात आणि प्रत्येक तालुक्याला निदान एक. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. तो ब्लँकेटांवर न उडवता यासाठी वळवता येतो.

चार. या जागांवर अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना शिष्यवृत्ती मिळावी. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, कौशल्य प्रशिक्षण देते, तर हेही कौशल्यच आहे.

पाच. शिकवणाऱ्यांत अंध माणसे असलीच पाहिजेत. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलू नये म्हणून बाबासाहेब गोलमेज परिषदेत स्वतः उभे राहिले. तोच न्याय इथेही.

सुरुवात आजच करता येते

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला विचारा : १८ वर्षांवरील अंध आणि बहुविकलांग व्यक्तींची तालुकावार संख्या किती? त्यांच्यासाठी काम करणारे नोंदणीकृत तज्ज्ञ किती, कायम किती, कंत्राटी किती? कलम ३८ खाली किती अर्ज आले, किती मंजूर झाले? ५ टक्के निधीतला किती पैसा वस्तूंवर आणि किती प्रशिक्षणावर गेला? विद्यापीठाला विचारा : कलम ४७ चे अभ्यासकेंद्र कुठे आहे? ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर नाही आले तर अपील. आले तर पुढच्या मोर्चाला कागद हातात.

याच्याही आधी, आपापल्या वस्तीत घरोघर जा आणि विचारा की आत कोणी आहे का. भीमजयंतीच्या वर्गणीला आपण प्रत्येक दार वाजवतो. त्याच वहीत एक रकाना वाढवायला काही खर्च येत नाही. सापडलेल्या प्रत्येकाच्या वतीने मंडळाच्या लेटरहेडवर कलम ३८ चा अर्ज टाका.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. येत्या ७ नोव्हेंबरला सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकारी कचेऱ्यांसमोर आपले निवेदन पडले पाहिजे. शिकण्याचा हक्क अठराव्या वर्षी संपत नाही. अंध झाल्यावर संपत नाही. ऐकू येईनासे झाल्यावरही संपत नाही. ज्या माणसाला शिकवणाराच मिळाला नाही त्याच्या बाबतीत तर तो अजून सुरूच व्हायचा आहे.

जय भीम.